वहीतले तास आणि हातातलं विमान

उड्डाणाचे 200 तास भरले की व्यावसायिक वैमानिक परवान्याची एक अट पुरी होते, पण तेवढ्याने हात बसतोच असं नाही.

सेसना 172 या छोट्या विमानावर शिकत असशील तर कंट्रोल बोटांनी हलकेच धर. मूठ आवळलीस की विमान काय सांगतंय ते कळतच नाही. चढाई सुरू करताना आधी पॉवर, मग नाक, मग ट्रिम, म्हणजे कंट्रोलवरचा दाब हलका करणारं चाक. सरळ होताना आधी नाक, मग पॉवर, मग ट्रिम. बरेच जण ट्रिमनेच नाक हलवतात, म्हणून त्यांचा वेग सतत वरखाली होतो. फायनलला, म्हणजे उतरण्याआधीच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, पूर्ण फ्लॅपवर (पंखामागच्या झडपा पूर्ण खाली) 65 नॉट वेग धर. 75 ने आलास तर विमान धावपट्टीवर तरंगत राहतं. घाईने नाक दाबलंस की पुढचं चाक आधी टेकतं आणि उसळ्या सुरू. मोठी उसळी बसली तर पूर्ण पॉवर, गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर. त्यात कमीपणा कसला?

मराठवाड्यातला मे म्हणजे वेगळंच प्रकरण. छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे 1,900 फुटांवर आहे. पारा 41 ला गेला की हवा विरळ होते आणि विमानाला ती साधारण 5,500 फुटांवर असल्यासारखी वाटते. धाव लांबते, चढाई मंदावते. किती धाव लागेल याचा तक्ता न बघता “काल तर उडालं होतं की” म्हणणारा कितीही हुशार असो, त्याच्यासोबत बसू नकोस.

प्रशिक्षकाने चूक दाखवली की सबबी नकोत. उतरल्यावर लिही: वेग किती सुटला, उंची किती सुटली, टेकताना मध्यरेषेपासून किती सरकलास.