जॅक्सनच्या जेसनमधून नल फील्ड कशी गाळायची?

तुम्ही जावाच्या ऑब्जेक्टचं जॅक्सन ही लायब्ररी वापरून जेसन (डेटा पाठवायचा मजकुरी फॉरमॅट) बनवताय, आणि अर्ध्याअधिक फील्डपुढे नुसतं ‘नल’ (म्हणजे किंमतच नाही) येतंय. ते नकोय, बरोबर?

क्लासच्या डोक्यावर ‘जेसनइन्क्लूड’ ॲनोटेशन लावा आणि त्यात ‘नॉन-नल’ निवडा. झालं काम. सगळ्या प्रोजेक्टला हवं असेल तर तेच ऑब्जेक्टमॅपरवर (हे रूपांतर करणाऱ्या जॅक्सनच्या क्लासवर) एकदा सेट करा. प्रत्येक फील्डला इफ लावून हातानं मॅप (नाव-किंमत जोड्यांची यादी) भरत बसू नका (मी बसलोय, म्हणून सांगतो). फक्त क्लासमध्ये एखादा मॅप असेल, तर त्याच्या आतले नल या ॲनोटेशननं जात नाहीत. त्या मॅपच्या फील्डवर ‘कंटेंट’साठीही नॉन-नल वेगळं सांगावं लागतं.

‘नॉन-एम्प्टी’ मात्र उगाच लावू नका. त्यानं रिकामी स्ट्रिंग आणि रिकामी लिस्टही उडते. समोरचा बिनधास्त लिस्टची लेंग्थ विचारतो, आणि तिथे लिस्टच नसते.

आता पॅच रिक्वेस्टबद्दल, म्हणजे सर्व्हरवरच्या नोंदीतला काही भागच बदलायला पाठवतात त्या रिक्वेस्टबद्दल, कारण इथे मी स्वतः आपटलोय. आमच्या ॲपमध्ये लोक आपला फोन नंबर पुसून सेव्ह करायचे, आणि स्क्रीन पुन्हा उघडली की नंबर जागच्या जागी! दोन दिवस डेटाबेसवर संशय घेतला. चूक माझीच होती: ॲपच्या मॅपरवर सरसकट नॉन-नल. नंबर नल झाला की फील्डच गळायचं, आणि सर्व्हरला वाटायचं की याला काही बदलायचंच नाही. जेसन मर्ज पॅचमध्ये, म्हणजे 2014 च्या आरएफसी 7396 या इंटरनेट मानकात, नलचा अर्थच मुळी ‘हे काढून टाका’ असा आहे. फील्ड नसेल तर ‘आहे तसं राहू द्या’. शेवटी पॅचसाठी वेगळा मॅपर ठेवला, नल न गाळणारा, आणि त्याला अख्खा ऑब्जेक्ट न देता बदललेली तेवढीच फील्ड मॅपमध्ये भरून द्यायला लागलो. अख्खा ऑब्जेक्ट दिला असता तर न भरलेलं सगळंच पुसलं गेलं असतं.

आणि कुणी म्हणालं, ‘आमच्याकडे तर काही न करताच नल येत नाहीत’, तर तो बहुतेक जीसन (जावाची अशीच दुसरी लायब्ररी) वापरत असेल. तिथे उलटा कारभार आहे: नल आपोआप गळतात, हवे असतील तर बिल्डरवर ‘सीरियलाइझ-नल्स’ म्हणावं लागतं.