देवानं दिलेलं काम दुसऱ्याच्या गळ्यात शोधू नकोस

तू विचारलंस, "भजनी मंडळात सगळे इतके तयार, मग देवानं मला इथं कशाला पाठवलं?" विचारलंस ते बरं केलंस.

तू आत्ता करतोयस तेच मी केलं होतं. चार वर्षं गायक जितेंद्र अभिषेकीबुवांच्या ताना घोटल्या. ते गोव्यातल्या मंगेशीचे, मीही त्याच अंत्रुज महालातला, म्हणजे फोंड्याकडचा, म्हणून आपलाही गळा तसाच फिरणार असं वाटायचं. एका एकादशीला झांजवाला आला नाही आणि झांज माझ्या हातात आली. दुसऱ्या अभंगाला पखवाजवाल्यानं माझ्याकडे बघून मान हलवली. धावत सुटलेली लय जाग्यावर आली होती. त्या रात्री घरी जाताना मन पहिल्यांदाच शांत होतं.

गायिका केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर, दोघी गोव्याच्या, दोघी एकाच गुरूच्या, अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या. तरी दोघींचं गाणं वेगळं.

सध्या एवढंच कर:

- सहा महिने पडेल ते काम घे. सतरंजी घाल, समईची वात सारख, पेटी उचल, मागे बसून म्हण.
- लोक तुला कशासाठी आपणहून हाक मारतात ते बघ. तुला काय आवडतं यापेक्षा मी याला जास्त मानतो.
- एकदा वाहवा मिळाली म्हणून तेच आपलं काम असं ठरवू नकोस.

साक्षात्काराची वाट बघत घरी मात्र बसू नकोस, बरेच जण तिथंच अडकतात. गुरुवारी सरावाला ये. माझ्याकडे झांजेची एक जोडी जास्तीची आहे.