बचत गटांमुळे मायक्रोफायनान्स बँका कशा वाढतात?

गटातल्या बायका जे काम फुकट करून देतात, त्यावर वाढतात. ‘बँकेनं बायकांना उभं केलं’ हे पुण्यातल्या कार्यक्रमांत ऐकून कान किटले, म्हणून लिहितेय.

खेड तालुक्यातल्या एका गटाचं दप्तर माझ्याकडे तपासायला होतं. बारा जणी, महिना २०० रुपये, सहा महिन्यांत बचत १४,४०० रुपये. पैसा खात्यात पडून नव्हता, शेकडा दोननं आपसात फिरत होता: कुणाची शाळेची फी, कुणाचं खत. हप्ता चुकला की बैठकीत सगळ्यांसमोर विचारणा. म्हणजे फेडणारी कोण, बुडवणारी कोण, ही पारख बँकेनं बोट हलवण्याआधीच झालेली. बचतीच्या चौपट, ५७,६०० रुपये दिले तरी बँकेला एक खातं, एक फाईल, एक हप्ता. वसुलीला बारा दारं फिरणं नाही. वर हे कर्ज प्राधान्य क्षेत्राच्या, म्हणजे शेती, दुर्बल घटक वगैरेंना ठरावीक कर्ज द्यायलाच हवं या, उद्दिष्टात धरलं जातं.

आणि शाखेनं काय केलं? गटाच्या बचत खात्यावरच लीन लावलं, म्हणजे कर्ज फिटेपर्यंत त्यातले पैसे काढता येऊ नयेत म्हणून अडवून ठेवले! गट उमेदमधला, म्हणजे सरकारच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातला. अशा गटांच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण नाही, मार्जिन (गटानं स्वतः घालायचा हिस्सा) नाही, बचत खात्यावर लीन नाही, असं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक स्पष्ट सांगतं. लीन लागलं की अंतर्गत कर्ज थांबतं. अडीनडीला बाई सावकाराकडे नाहीतर आठवड्याच्या हप्तेवाल्या कंपनीकडे जाते आणि शेवटी गटाचाच हप्ता थकतो. साहेब मात्र ‘गटाला शिस्त नाही’ म्हणायला मोकळे.

गटांचंही एक चुकतं: कर्ज सारखं वाटून घेतात. गरज नसलेली आपला वाटा दुसरीला देते, तिच्यावर दोन हप्ते बसतात आणि वहीत ते दिसतच नाही. ठरावात प्रत्येकीची रक्कम आणि कारण वेगळं लिहा.

हां, शहरात ज्यांना लोक मायक्रोफायनान्स बँक म्हणतात, त्या स्मॉल फायनान्स बँकांची गोष्ट थोडी वेगळी. २०१५ साली तत्त्वतः मंजुरी मिळालेल्या दहांपैकी आठ आधी मायक्रोफायनान्स कंपन्या होत्या. त्यांची वाढ मुख्यतः संयुक्त देयता गटांवर झाली. तिथं सामाईक बचत नसते, एकमेकींची हमी असते. लोकांच्या ठेवी त्यांना बँक झाल्यावरच घेता आल्या.

तुमचा उमेदचा गट असेल तर मंजुरीपत्रावर सही करण्याआधी लीनची अट शोधा. असेल तर शाखेत लेखी तक्रार देऊन पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. त्याला शुल्क लागत नाही.