कॅमेऱ्याची सक्ती करावी का?

प्रश्न : मी अनेक वर्षे वर्गात गणित शिकवीत आले आहे. आता तोच विषय ऑनलाइन शिकवते. फळ्यावर शिकवायचे त्याच पद्धतीने तासभर बोलते; परंतु बहुतेकांचे कॅमेरे बंद असतात आणि ‘समजले का?’ असे विचारल्यावर कोणीही उत्तर देत नाही. कॅमेरे सुरू ठेवण्याची सक्ती करावी का?
– एक शिक्षिका

उत्तर : सक्ती करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कॅमेऱ्यात चेहरा दिसतो, वही दिसत नाही. आणि गणित कुठे अडले हे वहीतच कळते. वर्गात बाकांमधून फिरताना आपल्याला जी चूक सहज दिसत असे, ती आता विद्यार्थ्याकडून मागून घ्यावी लागेल. ‘समजले का?’ याऐवजी ‘(क्ष + ३) चा वर्ग लिहा’ असे सांगा. उत्तर चॅटमध्ये टाइप करून ठेवावे आणि आपण सांगितल्यावर सर्वांनी एकदमच पाठवावे, म्हणजे एकमेकांचे पाहून लिहिता येणार नाही. ज्यांच्या उत्तरात ‘६क्ष’ हे पद नसेल, त्यांना नेमके काय पुन्हा समजावायचे हे आपल्याला तत्काळ कळेल.

प्रश्न विचारल्यावर थांबणेही तितकेच महत्त्वाचे आहे. शिक्षक उत्तरासाठी सरासरी एकच सेकंद थांबतात आणि ही वेळ ३ सेकंदांवर नेली तर उत्तरे अधिक सविस्तर येतात, असे मेरी बड रो या संशोधिकेला प्रत्यक्ष वर्गांत आढळले होते. ऑनलाइन तासात माइक सुरू करण्यात किंवा टाइप करण्यातच याहून अधिक वेळ जातो, त्यामुळे ती शांतता आपल्याला कितीही अवघड वाटली तरी स्वतः उत्तर सांगून ती भरून काढू नये.

तासभराच्या व्याख्यानाचे मात्र तुकडे करावेत. फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन शिक्षणमंचावरील अभ्यासक्रमांविषयी प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, ६ मिनिटांपेक्षा छोटे व्हिडिओ विद्यार्थी अधिक लक्ष देऊन पाहतात, असे दिसून आले. एका व्हिडिओत एकच संकल्पना घेऊन तो आधी पाठवला, तर प्रत्यक्ष तास उदाहरणे सोडवण्यासाठी मोकळा राहतो. शिवाय नेटवर्क तुटलेल्या विद्यार्थ्याला तो व्हिडिओ नंतरही पाहता येतो.

एवढे करूनही जो विद्यार्थी सलग दोन-तीन तासांत काहीच लिहून पाठवत नाही, त्याला सर्वांसमोर नाव घेऊन विचारू नका. स्वतंत्रपणे फोन करा आणि अडचण गणिताची आहे की मोबाइलची, हे आधी विचारून घ्या.