बॅटरीतलं लिथियम आणि भावाची गोळी

प्रश्न: डॉक्टर, नमस्कार. माझा धाकटा भाऊ २७ वर्षांचा आहे, त्याला बायपोलर (कधी अति उत्साह, कधी खोल नैराश्य असा मनाचा आजार) आहे आणि सात महिन्यांपासून लिथियम चालू आहे, फरक खूप पडलाय. पण परवा आईने पाकिटावर लिथियम वाचलं, शेजारचा मुलगा म्हणाला हे तर मोबाईलच्या बॅटरीत असतं, झालं, तिने गोळ्याच लपवून ठेवल्या. आज तिसरा दिवस. त्यात तो यंदा आळंदीहून पायी वारीला जायचं म्हणतोय. काय करू?
- एक बहीण, सातारा

उत्तर: ताई, आधी त्याच्या डॉक्टरांना फोन लावा, बाकीचं नंतर वाचा. तीन दिवसांच्या राहिलेल्या गोळ्या एकदम मात्र देऊ नका, कशा सुरू करायच्या ते तेच सांगतील. लिथियम अचानक बंद केलं की आजार उसळी मारतो, आणि आत्महत्येचा धोका कमी करणारी जी मोजकी औषधं आहेत त्यातलं हे एक आहे, म्हणून एवढं कळकळीने सांगतोय.

आईची भीती मला कळते. त्यांना मिठाचं उदाहरण द्या. सोडियम धातू पाण्यात टाकला तर भडका उडतो, पण तेच सोडियम मिठात असतं आणि आपण रोज आमटीत घालतो. तसंच हे. नुसतं लिथियम म्हणजे सुरीने कापता येईल असा मऊ धातू, तेलावरसुद्धा तरंगेल इतका हलका, पण गोळीत असतो तो त्याचा क्षार, लिथियम कार्बोनेट. ३०० मिलिग्रॅमच्या गोळीत लिथियम जेमतेम ५६ मिलिग्रॅम. १८१७ साली स्वीडनमध्ये एका दगडात ते सापडलं, आणि ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर जॉन केड यांनी मॅनियाच्या, म्हणजे अति उत्साहाच्या अवस्थेतल्या, पेशंटना ते देऊन आलेला गुण १९४९ साली जाहीर केला, तेव्हापासून हे वापरात आहे.

आता वारी. खरी काळजी मला इथे वाटते. आपली किडनी लिथियमला सोडियमसारखंच वागवते, त्यामुळे घाम, जुलाब, उपास यांनी अंगातलं मीठ-पाणी कमी झालं की ती सोडियमबरोबर लिथियमही धरून ठेवते आणि रक्तातली लेव्हल चढते. साधारण ०.६ ते १.० (रिपोर्टवर mmol/L किंवा mEq/L लिहिलेलं असतं) ठीक, १.५ च्या वर गेली की विषबाधेची भीती. हात जोरात थरथरायला लागले, तोल जायला लागला, बोलणं जड झालं, उलट्या-जुलाब सुरू झाले तर पुढची गोळी न देता थेट दवाखाना गाठायचा. आणि वाटेत पाय दुखले की कुणीतरी आयब्युप्रोफेन नाहीतर डायक्लोफेनॅकची गोळी हातावर ठेवतंच, ती अजिबात घ्यायची नाही, त्यानेही लेव्हल वाढते. दुखलंच तर पॅरासिटामॉल. मीठ एकदम कमी करायचं नाही, निर्जळी एकादशी तर नकोच.

निघायच्या आधी लेव्हल, किडनी आणि थायरॉईड तपासून घ्या. लेव्हलचं रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं, म्हणजे रात्री ९ ला गोळी घेतली तर सकाळी ९ ला रक्त आणि सकाळची गोळी असेल तर ती त्यानंतर. रिपोर्ट बघून डॉक्टर हो म्हणाले तर जाऊ द्या, पण त्याच्या गोळ्या माहीत असलेलं कुणीतरी दिंडीत बरोबर हवं. आणि पुढच्या व्हिजिटला आईंना घेऊन जा, त्यांच्या मनातलं त्यांना स्वतः विचारू द्या.