दोन तारखांचं एक लग्न

प्रश्न : मी ठाण्याला पाचपाखाडीत राहते, नोकरी ऐरोलीला. नवरा कॅनडात, मिसिसागाला. तिथेच शिकून नोकरी लागल्यावर त्याने ऑक्टोबर २०२२ मध्ये पीआरचा, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा, अर्ज केला आणि तेव्हा खरं होतं तसं ‘अविवाहित’ लिहिलं. जानेवारीत तो सहा-सात आठवड्यांसाठी इकडे आला. सासऱ्यांचं म्हणणं पडलं, पुढे सुनेला बोलवायला सर्टिफिकेट लागणारच आहे, तर आत्ताच सह्या करून ठेवा, लग्न सावकाश करू. नोटीस लावून महिना गेल्यावर १० फेब्रुवारी २०२३ ला विवाह अधिकाऱ्यासमोर आम्ही कोर्ट मॅरेज केलं. मे महिन्यात त्याला पीआर मिळाला. कोर्ट मॅरेजचं त्याने तिकडे कळवलं नाही; ते फक्त कागदापुरतं, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. डिसेंबर २०२४ मध्ये नौपाड्यातल्या कार्यालयात रीतसर लग्न झालं. आता त्याला मला स्पॉन्सर करून तिकडे बोलवायचंय. घोडबंदर रोडचा आमचा एजंट म्हणतो, जुनं सर्टिफिकेट विसरा, डिसेंबरचं लग्न महापालिकेत नोंदवून नवं घ्या. विधी झाल्याशिवाय हिंदू लग्न होतच नाही, असं सुप्रीम कोर्टानेच म्हटलंय म्हणे. पुढच्या आठवड्यात प्रभाग समितीत जायचंय. जावं का? (सप्टेंबर २०२३ मध्ये मी व्हिजिटर व्हिसा मागितला होता, तो नाकारला गेला. त्याचा काही संबंध येतो का?)

उत्तर : जाऊ नका. आणि तुमचा मूळ पासपोर्ट एजंटकडे असेल तर आजच मागून घ्या.

एजंटने सांगितलेला निकाल खरा आहे. एप्रिल २०२४ मध्ये न्या. नागरत्ना आणि न्या. मसीह यांच्या खंडपीठाने तो दिला. त्यातल्या जोडप्याने सप्तपदी वगैरे काहीही न करता एका संस्थेकडून ‘लग्न लागलं’ असा दाखला घेतला होता आणि त्या दाखल्यावर नोंदणी करून घेतली होती. कोर्टाने सांगितलं की हिंदू विवाह कायद्याच्या कलम ७ प्रमाणे विधीच झाला नसेल, तर नुसत्या नोंदणीने लग्न होत नाही. व्हिसाच्या घाईपोटी आईवडीलच मुलांना आधी नोंदणी करायला लावतात, यावरही कोर्टाने त्यात नाराजी व्यक्त केली आहे. तुमच्या सासऱ्यांना वाचायला द्यावा असाच तो भाग आहे.

पण हा निकाल हिंदू विवाह कायद्याखालच्या लग्नाचा आहे आणि तुमचं लग्न त्या कायद्याखाली झालेलंच नाही. आपल्याकडे ‘कोर्ट मॅरेज’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी खपतात. लागून गेलेल्या लग्नाची प्रभाग समितीत जाऊन नोंद करणं, ही एक. विशेष विवाह कायदा, १९५४ खाली विवाह अधिकाऱ्यासमोर लग्नच करणं, ही दुसरी. तीस दिवसांची नोटीस या दुसऱ्या प्रकारातच लागते. तुम्ही दोघांनी तीन साक्षीदारांसमोर एकमेकांचा पती-पत्नी म्हणून स्वीकार केल्याचं तोंडाने म्हटलंत, सह्या केल्यात, त्याच क्षणी तुमचं लग्न पूर्ण झालं. अधिकाऱ्याच्या पुस्तकातला तो दाखला कलम १३ प्रमाणे लग्नाचा निर्णायक पुरावा असतो. डिसेंबर २०२४ मध्ये अंतरपाट धरला, अक्षता पडल्या, पंगती उठल्या, ते सगळं आनंदाचंच. फक्त त्या दिवशी भटजींनी ज्यांचं लग्न लावलं ते कायद्याच्या लेखी पावणेदोन वर्षांपासून नवरा-बायको होते.

त्यामुळे महापालिकेच्या विवाह नोंदणीच्या अर्जावर, म्हणजे ‘नमुना ड’ वर, ‘लग्नापूर्वी अविवाहित’ आणि ‘विवाहाची तारीख डिसेंबर २०२४’ असं लिहून सही केलीत, तर ते खोटं ठरेल. खोटी माहिती देऊन नोंद करणं हा इथेही गुन्हा आहे. पण तुमचं मोठं नुकसान इथे नाही, तिथे होईल.

आता कॅनडाकडे येऊ. तिथला नियम असा : पीआर घेताना अर्जदाराने आपली बायको किंवा नवरा आणि अवलंबून असलेली मुलं, सोबत येणार असोत वा नसोत, सगळी दाखवायची, आणि त्यांची वैद्यकीय व पोलीस तपासणी व्हायची. जो माणूस दाखवला नाही, तपासला गेला नाही, त्याला पुढे कधीही ‘कुटुंबीय’ या वर्गात स्पॉन्सर करता येत नाही. इमिग्रेशन नियमावलीच्या नियम ११७ मधलं उपनियम ९, खंड डी, ते हे. नवरा म्हणेल, अर्ज केला तेव्हा तर मी अविवाहितच होतो. ही पळवाट तिथल्या फेडरल अपील कोर्टाने २००६ सालीच बंद केली आहे. ‘अर्जाच्या वेळी’ म्हणजे अर्ज टाकल्यापासून पीआर हातात पडेपर्यंतचा सगळा काळ. तुमचा फेब्रुवारी बरोबर त्या काळात येतो.

पुढे सोय व्हावी म्हणून जे घाईने केलं, तेच नेमकं आडवं आलं. सह्या तीन-चार महिने उशिरा केल्या असत्या तर आज काही अडचण नव्हती. सह्या करून लगेच तिकडे कळवलं असतं, तरी तुमची मेडिकल आणि पोलीस क्लिअरन्स होऊन कदाचित नवऱ्यासोबतच तुमचाही पीआर झाला असता.

ज्याला लोक जालीम उपाय समजतात ते दोन उपायही इथे चालत नाहीत. ‘घटस्फोट घ्या आणि पुन्हा लग्न करा’ असं कोणीतरी सांगेल. बंदी लग्नावर नाही, त्या वेळी न दाखवलेल्या व्यक्तीवर आहे. कितीदाही लग्न केलंत तरी व्यक्ती तीच. ‘तो सिटिझन झाला की सगळं धुऊन निघेल,’ असंही सांगतील. निघत नाही. माहिती लपवून मिळवलेलं नागरिकत्व तिथे काढून घेता येतं. विद्यार्थी व्हिसावर जाऊन तिथून अर्ज केला, तरी तिथल्या जोडीदार वर्गाला हाच अपवाद लागू आहे.

कंसातला तुमचा प्रश्न मी पत्रात सर्वात आधी वाचला. व्हिजिटर व्हिसाच्या फॉर्ममध्ये वैवाहिक स्थिती आणि विवाहाची तारीख विचारतात. तुम्ही खरं लिहिलं असेल, तर १० फेब्रुवारी २०२३ ही तारीख सप्टेंबर २०२३ पासून त्यांच्याकडे आहे. एजंटची डिसेंबरची तारीख घेऊन अर्ज गेला की अधिकाऱ्यासमोर दोन्ही शेजारी शेजारी येतील. मग तुमच्यावर ‘मिसरिप्रेझेंटेशन’चा, म्हणजे खोटी माहिती दिल्याचा शिक्का बसेल. त्याची शिक्षा पाच वर्षं कॅनडाची दारं बंद, आणि तेवढ्या काळात पीआरचा अर्जही नाही. तो फॉर्मही याच एजंटने भरला असेल, तर त्याने त्यात काय लिहिलं ते आधी बघायला हवं.

जे काही लपलं ते आजवर नवऱ्याच्या बाजूने लपलं. तुम्ही सांगता तसंच सगळं असेल, तर तुमच्या सहीखाली एकही खोटं विधान नाही. या प्रकरणात तुमच्याकडे असलेली सर्वात मोठी ठेव ती हीच, आणि एजंट पुढच्या आठवड्यात तुम्हाला तीच मोडायला लावतोय.

सरळ वाट आहे, पण सोपी नाही. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम २५ मध्ये मानवतेच्या आधारावर नियमातून सूट मागता येते. स्पॉन्सरशिपचा अर्ज खऱ्या तारखेनिशी करायचा, बंदी लागू होते हे आपणच कबूल करायचं, आणि त्याच अर्जात लेखी विनंती करायची की आमच्यापुरती ती बाजूला ठेवा. ही विनंती सुरुवातीलाच करावी लागते. ‘नकार आला तर अपिलात सांगू’ हा इथला हिशेब तिथे चुकतो, कारण बंदी लागू असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत तिथल्या अपील मंडळाला मानवतेचे मुद्दे बघायचा अधिकारच नाही.

मागायचं काय, तर ‘आमची परिस्थिती समजून घ्या’ एवढंच. २०१५ मध्ये कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अधिकाऱ्याने साच्यातले निकष लावू नयेत, सगळी परिस्थिती एकत्र तोलावी. तुमच्या बाजूने बऱ्याच गोष्टी आहेत. लग्न खरं आहे. सांगायचं राहिलं त्यामागे सर्वसाधारण मराठी घरातली समजूत आहे. आणि न सांगण्याने फायदा काहीच झाला नाही. सोबत न येणाऱ्या बायकोची नोंद केली असती, तरी एक्सप्रेस एंट्रीत, म्हणजे शिक्षण-नोकरीच्या गुणांवर पीआर देण्याच्या पद्धतीत, गुण एकट्यासारखेच मोजले गेले असते. हा मुद्दा ठळक लिहायला सांगा. २०१९ मध्ये अशा वगळलेल्या कुटुंबीयांसाठी एक खास सवलत आली, पण ती निर्वासित म्हणून किंवा स्वतः स्पॉन्सर होऊन गेलेल्यांना. नोकरीच्या आधारावर गेलेल्या तुमच्या नवऱ्याला ती लागत नाही. मंजुरी अधिकाऱ्याच्या मर्जीवर आहे आणि वेळ लागेल, हे गृहीत धरा.

मात्र हा अर्ज म्हणजे नवऱ्याने स्वतःची चूक लेखी देणं. त्यावरून त्याच्या पीआरची चौकशी सुरू होऊ शकते, अगदी देश सोडण्याच्या आदेशापर्यंत. त्याला त्याविरुद्ध मानवतेच्या मुद्द्यांवर अपील आहे, पण तोवर जीव टांगणीला. म्हणून तुमचा कुठलाही कागद जाण्याआधी त्याने तिथला वकील गाठायचा. पैसे घेऊन असं काम करायचा अधिकार तिथल्या लॉ सोसायटीच्या, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेच्या, सदस्यांना (क्युबेकमध्ये नोटरींनाही) आणि इमिग्रेशन सल्लागारांच्या ‘कॉलेज’ नावाच्या नियामक संस्थेच्या परवानाधारकांनाच आहे. मी ठाण्यात वकिली करते, मलाही तो नाही. एजंटला त्याचा परवाना क्रमांक विचारा आणि कॉलेजच्या ऑनलाइन यादीत ताडून बघा.

तुम्ही एक विचार केलेला दिसत नाही, तो सुचवते. बंदी फक्त नवऱ्याची जोडीदार म्हणून स्पॉन्सर होण्यापुरती आहे. तुमचं शिक्षण, नोकरीचा अनुभव आणि इंग्रजीची परीक्षा यांच्या जोरावर स्वतःच्या नावाने एक्सप्रेस एंट्रीत उतरायला तुम्हाला कोणी अडवलेलं नाही. नवरा पीआर असल्याने तुमचे गुण एकटीचे म्हणून मोजले जातील. त्यातही लग्नाची खरी तारीख लिहावी लागेल, त्यामुळे नवऱ्याचा प्रश्न उघडा पडायचा तो पडेलच. पण तुमचं जाणं कुणाच्या मेहरबानीवर राहणार नाही. माझं मत विचाराल तर दोन्ही वाटांची तयारी एकदमच सुरू करा.

पहिलं काम नवऱ्याचं. आपल्या पीआरची पूर्ण फाइल त्याने माहितीच्या कायद्याखाली मागवावी, फी पाच डॉलर आहे. तुमच्या संमतिपत्रावर तुमच्या व्हिजिटर व्हिसाची फाइलही त्याला मागवता येईल. पीआर पक्का होताना, कुटुंबात काही बदल झाला का, असं विचारलं गेलं होतं का, आणि त्याने काय उत्तर दिलं, ते त्यातून कळेल. नुसतं सांगायचं राहिलं असेल तर बाजू एका तऱ्हेने मांडायची, ‘बदल नाही’ म्हणून सही केली असेल तर वेगळ्या तऱ्हेने. फाइल येईपर्यंत तुम्ही १० फेब्रुवारीच्या दाखल्याची प्रमाणित प्रत विवाह अधिकाऱ्यांच्या ऑफिसातून काढून ठेवा. आणि सासऱ्यांना सांगा, मूळ दाखला फाडू नका.