शिराताकी: आधी पाणी घालवा, मग सॉसचं बघू

मागच्या अंकात कमी कर्बोदकांच्या जेवणाविषयी लिहिताना शिराताकी नूडल्सचा उल्लेख मी जेमतेम एका ओळीत केला होता. त्या ओळीवर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यांनाच देते आहे.

प्रश्न : ताई, पास्त्याऐवजी म्हणून शिराताकी आणल्या. पाकीट फोडलं आणि मासळीसारखा वास आला. तारीख उलटलेली नव्हती, म्हणून धुऊन घेतल्या, मीठ घातलेल्या पाण्यात दहा मिनिटं उकळल्या आणि टोमॅटो सॉसमध्ये टाकल्या. ताटलीत खाली पाणी, वर रबर आणि सॉस एका कडेला! आता दुसरं पाकीट उघडायचा धीर होत नाही. चुकलं कुठे?

वासाचं आधी. माल खराब नव्हता. या नूडल्स कोन्याकू नावाच्या, सुरणाच्या कुळातल्या कंदापासून करतात. कंदाच्या पिठातला ग्लुकोमॅनन हा तंतू पाणी शोषून फुगतो आणि चुन्याच्या निवळीने तो घट्ट बसतो. पाकिटातलं पाणीही त्यामुळे अल्कधर्मी असतं. पिठात मुळातच असलेल्या अमाइन जातीच्या द्रव्यांचा वास अशा पाण्यात मोकळा होतो. मासळीच्या वासामागेही हीच मंडळी असतात, म्हणून नाक फसतं. पाकीट फुगलेलं असेल, नूडल्स बुळबुळीत झाल्या असतील किंवा आंबट वास येत असेल, तर मात्र विचार न करता टाकून द्या.

आता मुख्य मुद्दा. पास्ता कोरडा असतो, त्याला पाणी पाजावं लागतं. शिराताकी म्हणजे जवळजवळ ९७ टक्के पाणीच, फक्त दोऱ्याच्या आकारात धरून ठेवलेलं. तुम्ही तिला पास्त्याची वागणूक दिलीत, म्हणजे पाण्याने भरलेल्या गोष्टीला आणखी पाण्यात बुडवलंत. दहा मिनिटं उकळून ती शिजत नाही आणि बिघडतही नाही. चुन्याने बसलेली ही जेली उष्णतेने पुन्हा वितळत नाही. त्यामुळे ‘कच्ची’, ‘बेताची शिजलेली’, ‘गाळ झालेली’ हे पास्त्याचे शब्द इथे लागूच पडत नाहीत.

मी करते ते असं. चाळणीत ओतून वाहत्या थंड पाण्याखाली चोळून धुते. धारेखाली नुसतं धरून भागत नाही, बोटांनी मोकळ्या कराव्या लागतात. मग खळाळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं. वास फार असेल तर त्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर. पुन्हा निथळायच्या, स्वच्छ फडक्यात गुंडाळून दाबायच्या आणि कात्रीने दोन-तीन ठिकाणी कापायच्या. न कापलेल्या नूडल्स ताटलीतून एका गुंत्यात उचलल्या जातात आणि चावायलाही त्रास देतात.

यानंतरची पायरी लोक गाळतात आणि सगळा घोटाळा तिथेच होतो. पसरट तवा तापवा, तेलाचा थेंबही नको, आणि त्यात नूडल्स मध्यम-मोठ्या आचेवर परता. आधी भरपूर वाफ येईल. वाफ कमी झाली की नूडल्स तव्याला घासून चीं-चीं आवाज करू लागतील. तो आवाज आला, नूडल्सची चकाकी गेली आणि त्या थोड्या बारीक दिसू लागल्या की समजा पाणी गेलं. सात-आठ मिनिटं लागतात, पाकीट मोठं असेल तर जास्त. तव्यात गर्दी केलीत तर त्या परतल्या न जाता नुसत्या वाफवल्या जातील, म्हणून दोन खेपांत करा. तेल आधी घातलं तर पाणी बाहेर पडायला वेळ लागतो, शिवाय ते तडतडतं.

प्रश्न : परतून घेतल्या, तरीही सॉस चिकटत नाही. चीज आणि मिरीचा साधा सॉस तर पार फाटला.

तो फाटणारच. पास्ता उकळलेल्या पाण्यात पिष्ट उतरतं, आणि तेच पाणी चीजला सांभाळून घेतं. शिराताकीत पिष्ट जवळपास नाही, म्हणून तिच्या पाण्याचा काही उपयोग नाही. पृष्ठभागही गुळगुळीत, त्यावर पातळ सॉस टिकत नाही. तेव्हा सॉसनेच घट्ट व्हायला हवं. टोमॅटोचा सॉस तव्यावर चमचा ओढला की मागे रस्ता राहील इतका आटवा. चीजच्या सॉसला क्रीम चीज किंवा अंड्याच्या पिवळ्या बलकाचा आधार द्या. बलक मंद आचेवर, नाहीतर त्याची भुर्जी होते. बेसिल आणि सुक्या मेव्याचा पेस्टो मला सर्वांत भरवशाचा वाटतो, कारण तो मुळातच वाटण आहे.

मीठ आणि आंबटपणा सॉसमध्ये नेहमीपेक्षा थोडा चढा ठेवा. शिराताकीला स्वतःची चव नाही, आणि चव आत मुरायला तिला वेळ लागतो. पास्ता सॉसमध्ये मिनिटभर घोळवला की पुरे होतो, हिला पाच मिनिटं मंद आचेवर राहू द्या. मऊ पडायची भीती नाहीच. जपानमध्ये सुकियाकीत ती गोडसर-खारट रसात मांसाबरोबर शिजतच राहते आणि तिथे ती खरी रुचकर लागते. माझं स्पष्ट मत विचाराल तर, पास्त्याच्या वेषापेक्षा सूपमध्ये किंवा अशा रसात ती जास्त शोभते. लसूण-ऑलिव्ह तेलाच्या नाजूक पास्त्यात तिला बसवू नका. तिथे सगळी मजा गव्हाच्या चवीची असते.

प्रश्न : पाकिटावर कर्बोदकं ३ ग्रॅम लिहिली आहेत. मग ‘शून्य कार्ब’ कसं म्हणतात?

ते ३ ग्रॅम बहुतेक सगळे तंतूच. ते लहान आतड्यात पचत नाहीत, म्हणून वजा करून आकडा शून्याजवळ येतो. शिजलेल्या १०० ग्रॅम पास्त्यात साधारण ३० ग्रॅम कर्बोदकं आणि दीडशेच्या वर कॅलरी असतात. शिराताकीत कॅलरी दहाच्या आसपास. पण पास्त्यात पाचेक ग्रॅम प्रथिनंही असतात, ती इथे नाहीत. तेव्हा अंडी, टोफू, मासे, चिकन, काहीतरी बरोबर हवंच, नाहीतर तासाभरात पुन्हा भूक. काही पाकिटांत सोयाबीन मिसळलेलं असतं. त्या नूडल्स मऊ आणि कमी रबरी लागतात, पण सोयाची अॅलर्जी असणाऱ्यांनी लेबल वाचावं.

प्रश्न : सासऱ्यांना मधुमेह आहे, कवळी आहे. त्यांना दिल्या तर चालतील?

कवळीसाठी मी सावध राहीन. ही जेली तोंडात विरघळत नाही, नीट चावली नाही तर अख्खीच घशाखाली जाते. कोन्याकूच्या छोट्या कपातल्या जेली मिठाईने गुदमरून मृत्यू झाल्यावर युरोपीय संघाने २००२ मध्ये तिच्यावर बंदी घातली होती. नूडल्स म्हणजे ती मिठाई नव्हे, पण गिळायला त्रास होणाऱ्यांना आणि लहान मुलांना मी त्या वाढणार नाही. सासऱ्यांना नीट चावता येत असेल तर बोटाच्या पेराएवढ्या कापून, थोड्याच द्या. औषधं चालू असताना रोजच्या पास्त्याच्या जागी अचानक कर्बोदकं नसलेलं जेवण आलं, तर साखर जास्त खाली जाऊ शकते. म्हणून आधी डॉक्टरांना विचारा, आणि गोळ्या जेवणाबरोबर घ्यायच्या की वेगळ्या वेळी, तेही त्याच वेळी विचारून घ्या.

प्रश्न : उरलेल्या फ्रीझरमध्ये ठेवू का? आणि खाल्ल्यावर पोट फुगतं, हे नेहमीचं आहे का?

फ्रीझर नको. गोठल्यावर पाणी वेगळं होतं आणि हाती स्पंजसारखे चिवट धागे उरतात. न शिजवलेल्या नूडल्स पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवा, पाणी रोज बदला आणि दोन-तीन दिवसांत संपवा. पोट फुगणं सवय नसताना होतं, कारण मोठ्या आतड्यातले जिवाणू हा तंतू आंबवतात. अर्ध्या पाकिटापासून सुरुवात करा आणि पाणी भरपूर प्या. दुखणं किंवा उलट्या होत असतील, तर नूडल्स बंद करून डॉक्टरांकडे जा.